बिलाच्या सॉफ्टवेअरची वकिली

वकिलीच्या पहिल्याच वर्षाला मी कॉलेज सोडलं, पण जळगाव जामोदनं मला कधीचंच वकील मानून टाकलं होतं. सातबाऱ्याचा वाद असो की विम्याचा कागद, लोक माझ्याकडे यायचे, कारण मी फी घेत नसे आणि "माहीत नाही" असं कधी म्हणत नसे. यातला दुसरा गुण जास्त घातक, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

बीटी कपाशी नवी होती तेव्हा मी बियाण्याचा कायदा वाचला. आपल्या पिकाचं बी राखून पुन्हा पेरायचा शेतकऱ्याला हक्क आहे, हे वाचून मला असा चेव आला की घरच्याच सरकीवर प्रयोग केला. हक्क शाबूत राहिला, पीक राहिलं नाही. संकरित वाणाची ती दुसरी पिढी. एक झाड छातीला लागायचं, तर शेजारचं गुडघ्यालाही नाही. अळीनं मात्र भेदभाव केला नाही. बायको म्हणाली, "कापूस त नाही, आता कायदा येचाले कधी जाऊ?"

एवढ्यावर माणूस शहाणा व्हायला हवा होता. मी नुसता सावध झालो, आणि तेही बियाण्यापुरताच.

पुढे काही वर्षांनी माझ्या शाळेतल्या दोस्तानं आपल्या कृषी केंद्रात, म्हणजे बी-खताच्या दुकानात, बिलाचं सॉफ्टवेअर घेतलं. बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या साली, ज्यांच्याजवळ पक्कं बिल नव्हतं त्यांची तक्रार कुणी लिहूनच घेतली नव्हती. तेव्हापासून लोक आधी बिल मागायचे, मग बियाण्याची पिशवी. दोस्ताच्या धाकट्या भावानं शेगावला दुकान टाकलं, तसा दोस्त मला म्हणाला, "वकीलसाहेब, हेच सॉफ्टवेअर त्याच्या कम्प्युटरवर टाकलं त चालते काय?"

सॉफ्टवेअरचा करारनामा पडद्यावर इंग्रजीत, बारीक अक्षरात होता. मी तो गंभीर चेहऱ्यानं वरून खालपर्यंत सरकवला आणि बियाण्याचा कायदा आठवून निकाल दिला, "इकत घेतलं ना तू? मंग ते तुह्यं झालं. बी राखून ठेवता येते, त हे काऊन नाही?" वर हेही सांगितलं की याचं बी कधी बिघडत नाही, नक्कल हुबेहूब उगवते. ते खरंच होतं. कपाशीत कायदा माझ्या बाजूनं होता आणि निसर्ग विरुद्ध. इथं नेमकं उलटं होतं, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

पेरणीच्या तोंडावर, दुकानापुढे रांग लागलेली असताना, दोस्ताच्या आणि भावाच्या, दोन्ही दुकानांतली बिलं एकाच सकाळी बंद पडली. पडद्यावर परवाना रद्द झाल्याची पाटी. मला बोलावणं आलं. मी फोनवर सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाला शेतकऱ्याचे हक्क ऐकवले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, आम्ही बियाणं विकत नाही. एका परवान्यावर एकच दुकान, हे पहिल्याच पानावर लिहिलंय."

"हातानं बिल लिहून दे," मी दोस्ताला सुचवलं. सल्ला द्यायची खोड तेव्हाही गेली नव्हती.

"सारा साठा त्या कम्प्युटरात हाय. पिशवीचा लॉट नंबर चुकला त या लोकायची तक्रार कोन घेईन बे?"

त्यानं शटर ओढलं. रांगेतली माणसं समोरच्या दुकानाकडे वळली. वर्षभराचं गिऱ्हाईक याच दिवसांत ठरतं, हे मलाही ठाऊक होतं. मला इतकी लाज वाटली की खुर्चीवरून उठवेना.

पुढे दोन्ही दुकानांचे वेगवेगळे परवाने घ्यायचं ठरलं, आणि दोस्तानं नवा करारनामा माझ्याचपुढे ठेवला. मला वाटलं, टोमणा मारतोय. पण तो मनापासून म्हणाला, "वाच बरं, काय लिवलं हाय ते सांग."

या वेळी मी ओळ न ओळ वाचली. मग म्हणालो, "अर्धं मले समजलं नाही. बुलडाण्याच्या वकिलाले दाखव."

त्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली. "हेच तवा म्हनला असता," तो म्हणाला, "त दोन्ही दुकानं चालू राह्यली असती."