त्याची यायची वेळ मी सांगितली

दवाखान्यातून फोन आला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. "तुमचा पेशंट गेला," एवढंच. नऊ दिवस तो शुद्धीवर आला नव्हता... त्याला जाऊन आता सहा आठवडे झाले. त्याचं नाव आणि त्याच्या देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण त्याची आई अजून तिथेच आहे. माझ्या आईने पहिल्याच दिवशी त्याला 'पाव्हणा' म्हटलं, आणि नांदेडच्या आमच्या घरात अडीच वर्षं तो पाव्हणाच राहिला.

विष्णुपुरीच्या कॉलेजात तो धरणांवर संशोधन करायला आला होता आणि आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होता. मी पाटबंधारे खात्यात पाणीपातळीच्या नोंदी ठेवतो, त्यामुळे आमचं जमलं. त्याच्या देशात सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या, त्यात त्याचा धाकटा भाऊ गेला. सरकार म्हणालं, कुणी मेलंच नाही. हा इथे बसून मेलेल्यांच्या घरच्यांशी फोनवर बोलायचा आणि यादी करून इंटरनेटवर टाकायचा. गोळी पाठीत लागली की कपाळात, तेही लिहायचा. एकदा मी ती यादी तपासली. एक नाव दोनदा आलं होतं. त्याने लगेच खोडलं. "भाऊ, एक चुकलं तर ते सगळंच खोटं म्हणतील."

आई चिडवायची, "पाव्हण्या, किती दिवस मेलेल्यांत राहतूस? लग्न कर की." तो म्हणायचा, "तुमच्या माहेरची, देवणीकडची बघा, आई. पण तुमच्यासारखी भांडकुदळ नको."

मग एक दिवस त्याच्या फोनवर फोटो आला. त्याच्या काकांचा... चेहरा सुजलेला, पुढचे दात पाडलेले. खाली एकच ओळ होती, लिहिणं थांबव. मी विचारलं, "एवढे लोकशाही देश हायत, कुणीच बोलत न्हाई का?"

"बोलतात की. आज एक बोलतो, सहा महिन्यांनी दुसरा. आमचं सरकार एकेकाला गाठतं. कुणाला स्वस्त तेल, कुणाला धमकी. सगळे एकाच दिवशी बोलले तर..." 

एका मंगळवारी दुपारी दोघेजण दारात आले. त्याच्याच मुलखाचे, बोलायला मऊ, हातात सुक्या मेव्याचा डबा. त्याच्या आईने पाठवलाय म्हणाले. आमच्याकडे घरच्या पाव्हण्याचा पाव्हणा आला तर त्याला चहा पाजतात, अर्धवट उत्तर देऊन दारातूनच वाटेला लावत नाहीत. मी बसवलं. साखर किती तेही विचारलं. तो कधी येतो म्हणाले, तर मी सवयीने नेमकं सांगितलं. "रोज सहा वाजून दहा मिनिटांनी. सायकलवर. कालव्याच्या रस्त्याने, एकटाच." ते म्हणाले, त्याला सांगू नका, डबा अचानक द्यायचाय. मी हसून कबूल केलं.

गुरुवारी सव्वासहा झाले, तो आला नाही. मी चालत निघालो. घरापासून चारशे पावलांवर सायकल आडवी पडली होती आणि तिच्याखालून रक्त कालव्याकडे वाहत होतं. लोखंडी गजाने मारलं होतं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, आधी हात. उजव्या हाताची पाचही बोटं ठेचलेली, डाव्याची तीन. मग गुडघे, मग डोकं. कवटी दोन ठिकाणी फुटली होती. एक डोळा जागेवर नव्हता. शेजारी तो डबा उघडा पडला होता... आत काहीच नव्हतं.

अंत्यविधीनंतर परदेशातून त्याच्या मित्राचा फोन आला. आठ महिन्यांपूर्वी तिकडेही असाच डबा घेऊन दोघे आले होते. यादीच्याच कामातल्या एका बाईला भोसकून गेले. तिकडच्या पोलिसांना हे ठाऊक होतं, पण ते त्यांच्याच फायलीत राहिलं. तोही लोकशाही देश, आपलाही. मित्र म्हणाला, यादीच्या कामात असलेली आणखी एक मुलगी लातूरला नर्सिंग शिकतेय.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मी लातूर गाठलं. तिचे घरमालक म्हणजे एक निवृत्त गुरुजी. मी त्या दोघांचं आणि खुनाचं सांगितलं तर म्हणाले, "अहो, कालच दोघे आले होते. लई सभ्य माणसं. रविवारी परत येणार हायत. आल्या माणसाला हाकलायचं का?"

"मी हाकललं न्हाई, गुरुजी. चहा पाजला."

"मग? त्यांना तो सापडला कसा?"

"त्याची वेळ मीच सांगितली. रस्ताबी मीच."

 "तुम्ही?"

"हाव."

हे मी तोवर घरातही कुणाला बोललो नव्हतो. आईलाही नाही.

गुरुजी उठले आणि आतल्या खोलीत गेले. अर्ध्या तासात ती मुलगी एक पिशवी घेऊन मागच्या दाराने निघाली. कुठे गेली ते गुरुजींना ठाऊक असेल. मी विचारलं नाही.

आमची वरची खोली मी परत भाड्याने दिलेली नाही. परवा एकजण तिची चौकशी करायला आला. नांदेडचाच असावा. आधी इथे कोण राहायचं, कधी यायचं-जायचं, असं सहज विचारत होता. मी दारातच उभा राहिलो. आत या म्हणालो नाही. आतून आईने विचारलं, "कोन हाय रे? चहा ठेवू का?"

"नको," मी म्हणालो, आणि त्या माणसाला सांगितलं, "मला काही माहीत न्हाई."