दाराआडून दिलेला एनिमा

नर्मदाबाईंनी दाराबाहेर पाठमोरं उभं राहून मदत केली, म्हणून माझे भिकूमामा आज धडधाकट आहेत, आणि मी आजही मामांच्या नजरेला नजर देऊ शकत नाही.

नर्मदाबाई आमच्या लालबागच्या चाळीत टोकाच्या खोलीत राहत. बायकांच्या इस्पितळात त्या वीस वर्षं आया होत्या. डॉक्टर जेवढं बोलायचा तेवढं सगळं त्यांनी पाठ केलं होतं, आणि डॉक्टरला जे सुचलं नाही तेही! मी मराठी तिसरीतून शाळा सोडून कोकणातून आलेला. मिलमध्ये सुताला खळ लावायच्या खात्यात कामाला. आईला सोडून इतक्या लांब आलो तेव्हा बंदरावर मामीने बजावलं होतं, "बाबल्या, मामांका सांभाळ हां!" वास्तविक मामा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. पण मामीने सांगितलं ते मी फारच मनावर घेतलं. मामा शिंकले तरी मला घाम फुटायचा.

आणि एका वर्षी मामांना सहा दिवस झालं नाही.

काय झालं नाही, ते समजून घ्या. दोष मामांचा नव्हता. चाळीत चाळीस बिऱ्हाडं आणि संडास चार. आत माणूस टेकतो न टेकतो तोच बाहेरून पत्र्याच्या दारावर थाप. मामा मुळात भिडस्त. थाप पडली की ते "येतंय हां!" म्हणून बाहेर यायचे, आणि जे यायचं ते आतच राहायचं. सहाव्या दिवशी पोट ताशासारखं ताणलेलं, तोंडाला चव नाही, मिलमध्ये उभं राहवेना. मला रात्रंदिवस मामी दिसायला लागली.

मी नर्मदाबाईंकडे धावलो.

"उलटी होते?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"ताप? पोट दाबलं तर ओरडतो? रक्त पडलंय?"

"नाही, नाही, नाही."

"यातलं एक जरी असतं ना, तरी मी घरी हात लावू दिला नसता. सरळ दवाखाना. आता एनिमा द्यायचा."

मी मामांना जाऊन सांगितलं. मामा अंथरुणात उठून बसले. "कोण ही एनिमा? मडम काय? माका नको! तुझी मामी गावाक आसा!"

मडम नसून पाणी आहे, हे समजावलं. ते कुठून द्यायचं, हे समजावलं. तेव्हा मामा म्हणाले, "त्यापेक्षा मडम बरी."

शेवटी शिवरात्रीला मिल बंद होती, तो दिवस ठरला. नर्मदाबाईंनी आपलं भांडं आणून दिलं. ते त्यांनी तांबटाकडून खास करून घेतलेलं. तांब्याचं, बुडाशी तोटी, तोटीला चावी आणि चावीला जोडायची रबराची नळी. चिंचेने घासून असं लखलखीत, की त्यात माझं भेदरलेलं तोंड दिसत होतं.

"आधी भांडं, नळी, सगळं उकळून घे," त्या दारातून म्हणाल्या. परपुरुषाच्या अशा प्रसंगी आत येणं त्यांना शोभणार नव्हतं, म्हणून त्या गॅलरीत, दाराकडे पाठ करून उभ्या. (त्यामुळे त्यांचा आवाज चढलेला, आणि दोन्ही मजल्यांना सगळं ऐकू जात होतं, पण कशासाठी ते कळत नव्हतं!) "मग अर्धा शेर उकळलेलं पाणी, चमचाभर मीठ. कोमट झालं का बघ."

मी बोट बुडवलं. "कोमट आहे!"

"बोटाने बघितलंस?"

"हो."

"मेल्या! दिवसभर उकळत्या खळीत घालतोस ती बोटं! त्यांना काय कळतंय? कोपर घाल कोपर!"

मी कोपर घातलं आणि "आई गं!" अशी किंकाळी फोडली. मामांनी भांड्याकडे न बघताच भिंतीकडे तोंड केलं. बाईंनी विचारलं नसतं, तर ते पाणी मी मामांना दिलं असतं!

पाणी निवावं म्हणून मी भांडं तसंच भरलेलं खुंटीला टांगलं. नळी अजून पातेल्यात उकळत होती. मी एरंडेल आणायला नर्मदाबाईंबरोबर त्यांच्या खोलीत गेलो. परतलो तर आमच्या खोलीत चार माणसं हात जोडून उभी.

चूक त्यांची नव्हती. दिवस शिवरात्रीचा. खुंटीला तांब्याचं भांडं, बुडाशी तोटी, चावी जरा ढिली, त्यामुळे थेंब, थेंब, थेंब. पिंडीवर टांगतात ती गळती नाही तर दुसरं काय? शेजारचे धाकूशेठ ओंजळभर बेल घेऊन आलेले. (शेठ नुसते नावाचे, मिलमध्ये गाठोडी वाहायचे.) स्वतः मामा, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते त्या भांड्याखाली मांडी घालून डोळे मिटून बसलेले!

"बाबल्या, चांगला केलंस हां," मामा गहिवरून म्हणाले. "औषध नको, देवच बघून घेतलो."

खरं सांगायला मी पुढे सरकलो. आणि तेवढ्यात धाकूशेठांनी तळहात पुढे केला, चार थेंब धरले, डोळ्यांना लावले आणि प्यायले.

"खारट लागतं रे," ते म्हणाले.

"समुद्राचं असेल," दुसरा म्हणाला. "सगळ्यात पवित्र."

"दे, मला पण दे!"

"थांबा!" मी ओरडलो. "तीर्थ नाही ते! ते... ते मामांना द्यायचं आहे!"

"मग मामांना पण दे, आम्हाला पण दे. अडवतोस कशाला?"

"तोंडाने नाही हो द्यायचं!"

धाकूशेठांनी भांड्याकडे पाहिलं, पातेल्यात उकळणाऱ्या नळीकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या एरंडेलाकडे. आणि ते गॅलरीतल्या मोरीकडे धावले.

"काही होत नाही!" नर्मदाबाई पाठमोऱ्याच ओरडल्या. "उकळून घेतलंय! इस्पितळात याहून वाईट पितात!"

मी भांडं पुन्हा उकळून घेतलं, नवं पाणी भरलं, कोपर घातलं. किंकाळी नाही. दार लोटून घेतलं. बाहेर आता अख्खी चाळ.

"डाव्या कुशीवर झोपव!"

"कोणाच्या डाव्या?"

"माझ्या नाही, त्याच्या! उजवा गुडघा पोटाशी. नळीच्या टोकाला तेल. आधी नळीतली हवा काढ!"

हवा काढताना पाणी माझ्या धोतरावर उडालं, ते असो.

"भांडं हातभरच उंच धर. छताला टांगायचं नाही, जोराने पाणी शिरतं. हळू! अडलं तर जोर करायचा नाही! कळ येते का विचार!"

"मामा, कळ येते?"

"कळ नाय येणा, लाज येता!" मामा उशीत तोंड खुपसून म्हणाले.

"कळ नाही म्हणतात, लाज येते!" मी दाराला सांगितलं. दाराने चाळीला सांगितलं. चाळ खोखो हसली.

"लाजेला एनिमा चालतो," नर्मदाबाई म्हणाल्या. "कळ आली की मात्र थांब."

थोडा वेळ थांबायला सांगितलं होतं, तेवढे मामा शूरासारखे थांबले. मग दार उघडलं. आणि मी डोळ्यांनी पाहिलं, संडासाच्या रांगेने दुभंगून वाट दिली! चाळीच्या इतिहासात पहिल्यांदाच. दारावर कोणी थाप मारली नाही. कोणी खाकरलं नाही. वीस-पंचवीस माणसं श्वास धरून उभी, आणि सगळ्यांत पुढे मी, मामीला काय तोंड दाखवू याचा विचार करत.

पाव तासाने पत्र्याचं दार उघडलं. मामांचं पोट आत, मान ताठ, चेहऱ्यावर तेज.

"बाबल्या," ते म्हणाले, "पेज टाक."

शिवरात्रीचा उपास मोडला त्यांनी. पण पेज वाढायला धाकूशेठच पुढे आले!

तेव्हापासून चाळीत मला 'डॉक्टर' म्हणतात. खोटं का बोलू, छाती फुगते. गेल्या पावसाळ्यात भोईवाड्याहून एक जण पोट धरून माझं नाव विचारत आला. मी ऐटीत विचारलं, "उलटी? ताप? दाबलं की दुखतं?" तो तिन्हीला हो म्हणाला. मी भांड्याला हातसुद्धा लावला नाही, त्याला धरून दवाखान्यात नेऊन बसवलं. नर्मदाबाईंना कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आता शिकलास." तिसरीतून शाळा सोडलेल्या माणसाला याहून मोठं प्रशस्तिपत्रक कुठलं! मी आईला लिहून कळवलं की मुंबईत मला डॉक्टर म्हणतात, मी लोकांच्या उपयोगी पडतो. आता सारा गाव पत्राने विचारतो, बाबल्या कसला डॉक्टर? त्या पत्राचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

नर्मदाबाईंचे उपकार मात्र मी एक ना एक दिवस फेडणारच. तसं मी त्यांच्या पाया पडून सांगितलं. त्यांनी मला उठवलं, डोक्यावर हात ठेवला आणि हात जोडून विनवलं, "फेड हो बाळा, जरूर फेड. फक्त तुला जे एक येतं, त्याने नको!"