नारिंगी बॉबिन, तीन बोटं

आबा आधी नारिंगी धाग्याचं बॉबिन उंच धरायचे. मग तीन बोटं दाखवायचे. मग रिकामा तळहात. आणि शेवटी हनुवटी उडवायची. म्हणजे, सांग!

तुम्ही सुरतेतल्या एखाद्या लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कधी पाय ठेवला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथे तोंडाने बोलून उपयोग नसतो. एका छपराखाली इतके माग एकदम खडखडतात की शेजारच्याने कानाशी ओरडलं तरी फक्त त्याचा श्वास जाणवतो. म्हणून कारागीर हातांनी बोलतात आणि एकमेकांचे ओठ वाचतात. धागा तुटला, चहा आला, मॅनेजर येतोय, सगळ्याला खूण असते. मॅनेजरसाठी तर दोन होत्या. त्यातली एक इथे सांगण्यासारखी नाही.

आबा आमच्या खात्यातले जुने कारागीर. त्यांनी या खुणांत फुटबॉल आणला. पिवळं बॉबिन म्हणजे ब्राझील. आकाशी आणि पांढरं एकत्र धरलं की अर्जेंटिना. त्यांचा स्वतःचा लाल-पांढऱ्या चौकडीचा रुमाल म्हणजे क्रोएशिया. माग चालू असतानाच प्रश्न इकडून तिकडे जायचा आणि समोरच्या रांगेतून उत्तर यायचं. उत्तर चुकलं की आबा गाल फुगवून फुस्स करायचे, आणि सगळी रांग हसायची. ते हसूही ऐकू येत नसे, नुसते दात दिसत.

मी साक्री तालुक्यातला. आमच्या घरात पहिला पदवीधर. बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो, तेव्हा आमच्याच भागातल्या आबांनी शेठकडे, म्हणजे खात्याच्या मालकाकडे, शब्द टाकला आणि मला या खात्यात हिशेब लिहायचं काम मिळालं. डिंडोलीत खोलीही त्यांनीच पाहून दिली. सुरुवातीला मी त्यांच्याच घरी जेवत असे. हे उपकार मी विसरणार नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला ते नारिंगी बॉबिन दाखवलं. मी खांदे उडवले. चहाच्या सुट्टीत त्यांनी मला अंगणात गाठलं आणि सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाले, "बी.कॉम. शे ना तू? मंग सांग ना! नेदरलँड! तीन येळा फायनलले गया, कप एक बी नई!"

"आबा, हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं."

"मंग काय व्हतं तुन्हा अभ्यासमा? नुसती बेरीज?"

आबा नेहमी असेच मोठ्याने बोलायचे. मला वाटे, माणूस रांगडा आहे. मागून कुणी प्रश्न विचारला तर उत्तर देत नसत. मला वाटे, मान हवा आहे. त्यांच्या घरी टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई आणि काकू कपाळाला हात लावत. एकदा मी विचारलं, "आबा, सगळी सुरत क्रिकेट बघते, तुम्ही फुटबॉल का?"

"क्रिकेट आयकनं पडस," ते म्हणाले. "फुटबॉल नुसता देखो."

मी हसलो होतो. मला वाटलं, विनोद केला.

मग एका सकाळी अंगणात दोघं जण सुताचं जड बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला लोखंडी रूळ, हातगाडीवरून आणत होते. आबा पाठमोरे उभे होते. "आबा, हटो! आबा!" माग अजून सुरू व्हायचे होते, अंगण शांत होतं. आबा हलले नाहीत. गाडी त्यांच्या पोटरीवर आदळली. फार लागलं नाही. पण शेठ आणि मॅनेजर दारातच उभे होते.

"बहेरो छे आ तो," शेठ म्हणाले. "कालथी ना आवे." म्हणजे उद्यापासून कामावर यायचं नाही.

मी शेठसमोर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "शेठ, आबांचे कान काय देवदर्शनाला गेले होते? याच छपराखाली गेले. कानात घालायला कापूससुद्धा आपण कधी दिला नाही. आणि आत तर सगळेच बहिरे असतात, मग यांचं काय अडतं?"

"मेताजी, तमे हिसाब संभाळो," मॅनेजर म्हणाला. मेताजी म्हणजे हिशेबनीस, म्हणजे मी.

आबांना माग चालवण्याशिवाय दुसरं काम येत नव्हतं. गावी जमीन नव्हती. बोलणं काय चाललंय ते त्यांनी ओठांवरून ओळखलं आणि पहिल्यांदाच मी त्यांना हात जोडताना पाहिलं.

शेठला गंमत सुचली. "चालो, परीक्षा लई लईए." आबांनी पाठ करून उभं राहायचं. शेठ मागून हाक मारणार. वळले तर काम राहिलं.

आबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंतीला खिडकी होती, खिडकीच्या आत त्यांच्या रांगेतला सोबती. त्याची नजर आबांच्या खांद्यावरून थेट शेठच्या तोंडावर. शेठने तोंड उघडलं. सोबत्याने झटकन खूण केली. आबा गर्रकन वळले आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाले, "हां शेठ!"

शेठने हाक मारलीच नव्हती. त्यांनी तंबाखूचा मावा टाकायला तोंड उघडलं होतं.

मॅनेजर पोट धरून हसला. शेठला ठसका लागला. परीक्षा म्हणे! माणसाचे कान खायचे आणि वर त्याची परीक्षा घ्यायची.

आबा आत गेले आणि त्यांनी आपला माग सुरू केला. इतरांनीही आपापले सुरू केले. मॅनेजर त्यांना हाकलायला मागोमाग आला. मीही गेलो. तो आबांच्या शेजारी उभा राहून ओरडत होता, पण त्या खडखडाटात त्याचं नुसतं तोंड उघडमीट होत होतं. ओठ सगळ्यांनी वाचले. माग एकानेही थांबवला नाही. कापड पुढे सरकत राहिलं.

शेवटी मॅनेजरने मेन स्विच खाली ओढला. सगळं खातं एकदम थांबलं. तो अजून ओरडतच होता. त्याने आबांच्या आईवरून दिलेली शिवी त्या शांततेत कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत ऐकू आली.

आबा वाकून तुटलेला धागा जोडत होते. गाठ मारून झाल्यावर त्यांनी माग चालू करायला हात घातला. तो चालू होईना. त्यांनी वर पाहिलं. आमचे चेहरे पाहिले आणि हनुवटी उडवून विचारलं, काय झालं?

त्या शिवीलाही खात्यात खूण होती. कुणीही ती केली नाही.