डासाचे गुणी भाडेकरू

आज आमच्या वरसे गावात आरोग्यसेविका ताई पाण्याची पिंपं तपासायला आल्या.

म्हणाल्या, "काकी, डासाच्या पोटात जिवाणू राहतात. त्यांच्यामुळे त्याची प्रतिकारशक्ती जागी राहते. मलेरियाचा जंतू शिरला, की ती लगेच लढते."

खरं सांगते, माझा जळफळाट झाला. एवढ्याशा डासाला असले गुणी भाडेकरू? माझे कंपनीतून शिफ्ट करून येतात आणि दार लावून झोपतात. मी तापाने फणफणले, तरी एकानं विचारलं नाय.

"पिंपं उघडी ठेवणारे तेच," मी ताईंना सांगितलं.

ताईंनी बॅटरी मारली. भाडेकरूंच्या पिंपावर फडकं घट्ट बांधलेलं होतं. अळ्या वळवळत होत्या माझ्या पिंपात.

डासाचा हेवा अजून गेला नाय. पण तुम्हीच सांगा, त्याचे भाडेकरू चांगले, की तो मालक चांगला?