ज्या ग्लासात साप फिरले नाहीत

बाबांचं नाक गेलं नव्हतं.

हे मला आधी लिहायचंय. बाकीचं नंतर.

आज बाबांना जाऊन वर्ष झालं. सकाळी अविनाशकाकांनी मला टॅग करून पोस्ट टाकली. बाबांचा फोटो, हातात ग्लास. खाली लिहिलंय, “शेवटी शेवटी डॉक्टरांचं नाक गेलं होतं, पण दिल राजाचं होतं.”

त्याखाली जोडलेल्या हातांची रांग.

मी पुन्हा पुन्हा वाचलं. आपण उगाच मनाला लावून घेतोय का, हे तपासायला. नाही. उगाच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. बाबा डेंटिस्ट, गंगापूर रोडला क्लिनिक. छंद एकच, सिंगल माल्ट. त्यातही कास्क स्ट्रेंग्थ, म्हणजे पिंपातून निघाली तशीच, पाणी न मिसळता बाटलीत भरलेली व्हिस्की.

ते पीत कमी, वास जास्त घेत.

आमच्याकडे हे पणजोबांपासून आलं. १९३०च्या दशकात ते देवळालीला गोऱ्या अफसरांच्या मेसचं स्टोअर सांभाळायचे. माल आला की थोडी व्हिस्की ग्लासात घ्यायची, पाण्याचा थेंब सोडायचा आणि ग्लास उजेडाला धरायचा. कडक असेल तर थेंबाभोवती तेलकट रेघा वळवळतात. पणजोबा त्यांना ‘साप’ म्हणायचे. कुणी आधीच पाणी मिसळलं असेल, तर साप फिरत नाहीत.

बाबांनी मला हे शाळेत घालायच्या आधी शिकवलं.
(बघायला. प्यायला नाही. आई वाचतेय.)

बाबा आणि त्यांचे दोन मित्र, अविनाशकाका आणि शिरीषकाका. महिन्यातून एकदा बाटल्या शेजारी शेजारी ठेवून तुलना. बाबांचा नियम एकच, टेबलावर फरसाण नको. “तिखटाने तोंड भाजलं की सगळीच दारू कडक लागते.”

“डॉक्टर, हे नाशिक आहे,” अविनाशकाका म्हणायचे. “इथे चिवड्याशिवाय बसलं तर पोलीस पकडतात.”

दीड वर्षापूर्वी इगतपुरीला अविनाशकाकांच्या फार्महाऊसवर पार्टी होती. आणखीही पाहुणे होते. बाबांना मी गाडीने नेलं होतं, म्हणून मी लिंबू सरबत घेऊन त्यांच्या शेजारी.

काकांनी काचेच्या नक्षीदार डिकँटरमधून ओतली. “खास लंडनहून आणलीय. कास्क स्ट्रेंग्थ!”

बाबांनी वास घेतला. थेंब सोडला. ग्लास दिव्याकडे धरला.

“अविनाश, यात पाणी आहे.”



मग काका हसले. “डॉक्टर, त्या तापानंतर तुमचं नाक गेलंय. पेशंटच्या तोंडाचा वास तरी येतो का आता?”

मग सगळेच हसले. बाबासुद्धा.

ताप आला होता, हे खरं. काही आठवडे वास गेला होता, हेही खरं. पण तो परत आला होता. मला पक्कं माहीत आहे, कारण मी रोज सकाळी त्यांना डोळे मिटायला लावून वेलदोडा, जायफळ, लवंग ओळखायला लावायचे.

परतताना गाडीत मी म्हणाले, “बाबा, साप नव्हते. मी पाहिलं.”

“मनू, घरचा साक्षीदार चालत नाही.”

त्यानंतर त्यांना बोलावणं आलं नाही. घरी ग्लास हातात घेतला की आईला विचारायचे, “तुला येतोय ना गं वास?” आमटीचाही वास तिलाच विचारायचे.

मग हार्ट अटॅक. ते तसेच गेले, स्वतःच्या नाकावर संशय घेऊन.

मागच्या रविवारी मी दोन्ही काकांना घरी बोलावलं. “बाबांच्या आठवणीत एक टेस्टिंग करू या.” खोटं बोलले नाही. टेस्टिंगच होतं.

तीन तीन ग्लास. दोन ग्लासांत बाबांच्या कपाटातल्या कास्क स्ट्रेंग्थ. तिसऱ्यात त्यातलीच एक, निम्मं पाणी घालून. पाणी उकळून गार केलेलं, काकांचं पोट बिघडायला नको. आणि मध्ये जाळ तिखट चिवडा, कांदा, लिंबू.

अविनाशकाकांनी चिवड्याचा बकाणा भरला, एकेक ग्लास चाखला आणि तिसऱ्यावर डोळे मिटले.

“वाह! याला म्हणतात कास्क स्ट्रेंग्थ. थेट छातीत उतरली.”

“माझे तर कान गरम झाले,” शिरीषकाका म्हणाले.

ड्रॉपरने मी प्रत्येक ग्लासात थेंब सोडला. पहिल्या दोन्हींत साप फिरले. तिसऱ्यात पाणी पाण्यात पडावं तसं.

“काका, यात निम्मं पाणी आहे.”

अविनाशकाका भडकलेच.

“निम्मं? अगं, मीसुद्धा इतकं नव्हतं घातलं!”

शिरीषकाकांचा हात चिवड्यातच थांबला. “कधी नव्हतं घातलंस, अव्या?”

मग सगळं निघालं. लंडनची बाटली पार्टीआधीच बरीचशी संपली होती. पाहुण्यांसमोर डिकँटर भरलेला दिसायला हवा होता.

“गंमत होती रे. त्यात काय एवढं!”

शिरीषकाका उठले. दारात माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी अविनाशकाकांचा फोन. “बेटा, माणूस गेलाय. आता हे आपल्यातच ठेव.”

मी ठेवणार होते. खरंच.

पण तुम्ही आज पुन्हा तेच लिहिलंत, काका. माहीत असून लिहिलंत. माझ्या बाबांच्या फोटोखाली, मला टॅग करून.

मग आता सगळ्यांनाच कळू दे. तुमची पोस्ट डिलीट करायची तसदी घेऊ नका, स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. आणि पुढच्या पार्टीला कुणी ग्लास उजेडाला धरला, तर रागावू नका.

हे टाकण्याआधी आईला दाखवलं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं.
“यात एक तरी शब्द वाढवून लिहिलायस?”
“नाही.”
“मग टाक.”

बाबा, तुम्ही असतात तर हसला असतात आणि अविनाशकाकांना रविवारी पुन्हा जेवायला बोलावलं असतंत.

तो तुमचा स्वभाव.

मी त्यांना माफ करत नाही.

नमस्कार करते, बाबा.