चांगदेवचं इंजिन आणि गोदाबाईंचा साबण

चांगदेव शेजवळ बायकोला टाकून विमानाने पळून जाणार, ही बातमी दिवा गावात दूधवाल्याच्या आधी दारोदार पोचली. तथ्य एवढंच, की खडवलीला मेहुण्याच्या शेडमध्ये त्याने एक छोटं विमान खरोखर बांधलं होतं. पण त्यात सीटा दोन, दुसरी त्याच बायकोची, रमाबाईंची. आणि पळायला लागतं ते इंजिन त्यात नव्हतंच.

घोडं तिथेच अडलेलं. कल्याणच्या रेल्वे शेडमध्ये तेहतीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस. खास विमानासाठी बनवलेलं इंजिन त्याच्या पेन्शनीत बसणारं नव्हतं. राहिले दोन पर्याय : मोटरसायकलचं हलकं इंजिन, नाहीतर भंगारातल्या छोट्या गाडीचं जड. चांगदेवचा जीव मोटरसायकलच्या इंजिनावर.

रमाबाई मेथी निवडत होत्या. "कुठलंही बसवा. पण आधी शंभर तास चालवून दाखवा. मध्येच बंद पडलं तर पुन्हा पहिल्यापासून. नाहीतर माझ्या सीटवर तांदळाचं पोतं ठेवा."

"रस्त्यावर इंजिन सिग्नलला दम खातं," चांगदेव म्हणाला. "विमानाला सिग्नल कुठला? त्याला सतत ओझं ओढायला लावायला हवं."

त्याच आठवड्यात इमारतीची पाण्याची मोटर जळाली. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं. चांगदेवने सेक्रेटरी काळुरामला गाठलं. मोटर मी दुरुस्त करून आणतो, तोवर माझं इंजिन पंप चालवेल. काळुरामने वाक्य पुरं व्हायच्या आत मान हलवली.

रोज सकाळी दोन तास; दर तासाला रमाबाई कॅलेंडरवर एक फुली मारायच्या. गच्चीवरची टाकी भरली की तेच पाणी खाली सोडायचं, पुन्हा चढवायचं. लोक म्हणाले, रिटायर माणसाला काय, काहीही सुचतं.

नवव्या सकाळी मोटरसायकलचं इंजिन तापून जाम झालं. टाकी कोरडी, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गोदाबाईंच्या डोक्याला नुकताच साबण लागलेला. त्या तशाच टॉवेल गुंडाळून जिन्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"चांगदेवभाऊ, उडायचंय ना? मग घरी पण उडतच जा. जिना बंद."

रमाबाईंनी घरातली भरलेली बादली नेऊन दिली, तेव्हा वाट मोकळी झाली.

मग गाडीचं इंजिन आलं. पंपाला जोडलं, एकसष्ट तास चाललं आणि थांबलं.

"इंजिनाचा दोष नाही. वायर सुटली," चांगदेव म्हणाला.

"वर जाताना वायर घरी ठेवून जाणार आहात का?" रमाबाईंनी कॅलेंडरवरच्या सगळ्या फुल्या खोडल्या.

चांगदेवने वायरी दुहेरी घातल्या, सगळे नट पुन्हा आवळले आणि शून्यापासून सुरुवात केली. या खेपेला शंभरावी फुली पडली. रमाबाई एवढंच म्हणाल्या, "पोतं नको."

त्याने दुरुस्त मोटर जागेवर बसवली आणि इंजिन सोडवायला पाना हातात घेतला, तर समोर काळुराम आणि गोदाबाई.

"दादा, हे इथेच राहू द्या ना," काळुराम म्हणाला. "असं पाणी कधी चढलेलं नाही. आणि वर बंद पडलं तर काय करणार?"

चांगदेवने पहिला नट सोडला. "वर बंद पडलं तर घिरट्या घालत कुठल्यातरी शेतात उतरेन, काळुराम. इथे बंद पडलं तेव्हा गोदाबाईंनी मला जिनासुद्धा चढू दिला नव्हता."