कडू कुठी लागून राह्यलं?

दिलीपभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा शाळेत मधली सुट्टी होती. मी डबा उघडून कारल्याच्या भाजीचा पहिला घास तोंडात घातला होता. वहिनी पलीकडून एवढंच म्हणाली, "बाई, तुहा भाऊ गेला." घास गिळवेना, थुंकवेना. तो कडूपणा जिभेवर तसाच ठेवून मी किती वेळ बसले होते, कुणास ठाऊक. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचाच आवाज ऐकू आला… "कुठी लागून राह्यलं? जिभेच्या मांगं का टाळूले?"

दिलीपभाऊ माझा थोरला भाऊ. आम्ही नागभीडजवळच्या धानपट्ट्यातले. हॉटेलचं शिक्षण घेऊन तो बंगळूरला गेला आणि बिअर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात चव पाहून गुण देण्याच्या कामाला लागला. घरी हे सांगायचं कसं? बाबा विचारत, "दारू चाखाची बी नोकरी रायते का रे?" आई शेजारणींना सांगे, "कंपनीत तपासनीले आहे तो." त्यात खोटं काहीच नव्हतं. चाखायच्या दिवशी तो सकाळपासून कांदा खात नसे, की वासाचा साबण लावत नसे. त्यातही त्याचा जीव कडक, कडू बिअरवर. हॉप्स नावाच्या वेलीची फुलं त्यात सढळ हाताने घालतात, असं तो सांगे. "गोड कोनालेई आवडते. कडू आवडाले मानूस थोडा थांबला पायजे."

पण कॉलेजात लागलेला खर्रा काही त्याला सोडता आला नाही. इतकी जपलेली जीभ, आणि गालात सुपारी-तंबाखू! पुढे तोच गाल चिघळला. कॅन्सर निघाला. नागपूरला ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे शेक दिले. जीव वाचला, चव गेली. बंगळूर सोडून तो मोहर्लीला आला, वाघ पाहायला येणाऱ्यांसाठी चार खोल्या बांधल्या, आणि वहिनीसोबत तिथेच राहू लागला. जुने मित्र सफारीला आले की नव्या बिअरच्या बाटल्या घेऊन यायचे. त्यांना वाटे, भाऊला बरं वाटेल.

एका हिवाळ्यात मी गेले होते. दुपारी पडवीत त्याने एक बाटली उघडली, ग्लासात ओतली, उजेडात धरली, नाकाशी नेली. चेहरा खुलला. मग घोट घेतला, आणि सगळं विझून गेलं. "वास येऊन राह्यला," तो म्हणाला, "पन कडू भेटूनच नाई राह्यलं." त्याने ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"तू चाखून सांग."

"भाऊ, मी मास्तरीन आहो!"

"पी कोन म्हनते? चाख म्हनतो."

मी घोट घेतला. तोंड वेडंवाकडं झालं. "कडुनिंब," मी म्हणाले. त्याने मान हलवली. "तसं नोको सांगू. पह्यले काय आलं?" मी डोळे मिटले. पहिल्यांदा आली संत्र्याची साल. मग सालीखालचा पांढरा भाग. मग चुकून चावलेली संत्र्याची बी. आणि गिळल्यावर घसा कोमट झाला. मी एकेक सांगत गेले, तसतसा त्याचा घसा हलत गेला, जणू तोच गिळत होता. "साडेसात," तो म्हणाला. मित्रांना त्याने लगेच कळवलं, "चव बहिणीची, गुन माहे."

त्यानंतर दर सुट्टीत हेच चालायचं. कधी कधी मला भीती वाटे. माझ्या तोंडात मी नाहीच, तोच बसलाय, असं वाटे. दुखणं परतलं तेव्हा त्याचं बोलणंही अस्पष्ट झालं. शेवटच्या भेटीत त्याने खाटेवरूनच बाटली उघडायला लावली. सगळ्यांत कडक होती ती. "आज गुन तू दे," तो म्हणाला. माझ्या तोंडात घोट, डोळ्यांत पाणी. "फार कडू आहे भाऊ."

"आखरीले गोड लागते का कुठी?"

मी थांबले. बराच वेळ थांबले. "लागते… थोडंसं."

"मंग चांगली आहे," म्हणून त्याने डोळे मिटले. गुण द्यायचे राहूनच गेले.

मागच्या आठवड्यात मी मोहर्लीला गेले. वहिनी माहेरी गेली आहे, पण पाहुणे येतात, आणि स्वयंपाक करणाऱ्या शांताबाई सगळं सांभाळतात. मी स्वयंपाकघरात गेले तर ओट्याच्या टोकाला एका वाटीत थोडी भाजी काढून ठेवलेली. मी विचारलं, ही कुणाची?

"भाऊची," त्या म्हणाल्या. "भाजी झाली का मी त्याह्यले वाटी देत होतो. ते बोट लावून 'बराबर आहे' म्हनत."

"पण बाई, त्याला तर चव…"

"मालूम होतं ना मले. त्याह्यलेई मालूम होतं का मले मालूम आहे." पदराने त्यांनी हात पुसले. "पन इचारनं बंद केलं असतं, तं काय राह्यलं असतं त्याह्यच्याकडं?"

बाहेर पाहुणे ताटं मांडून बसले होते. कुणीतरी हाक मारली, "बाई, वाढताय ना?"

शांताबाई हातात डाव धरून वाटीकडे पाहत उभ्या होत्या.

"थांबा जराक," त्या म्हणाल्या. "अजून चव पाहनं नाई झालं."